फिशटँकच्या पाण्याचा सामू कशाने मोजावा?

गेल्या वर्षी चैत्र संपता संपता एका सकाळी माझ्या फिशटँकमध्ये दोन एंजल आणि तीन मॉली मासे पाण्यावर आडवे पडलेले दिसले. आदल्या संध्याकाळी सगळेच मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत होते, म्हणून मी काही आठवड्यांपूर्वी ऑनलाइन मागवलेले डिजिटल पीएच पेन पाण्यात बुडवून पाहिले होते. सामू म्हणजेच पीएच, पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी, ७ च्या वर अल्कधर्मी. त्यावर ६.३ असा आकडा आला. पाणी आम्लधर्मी झाले असे समजून मी खाण्याचा सोडा पेलाभर पाण्यात विरघळवला आणि टाकीत सोडला. पेनचा आकडा जागचा हलेना म्हणून आणखी दोन चमचे, मग आणखी दोन, असे करीत रात्री अकरापर्यंत सहा मोठे चमचे भरून सोडा दीडशे लिटर पाण्यात गेला. आकडा ६.६ वर आला तेव्हा मला हायसे वाटले आणि मी झोपायला गेलो. ते मासे माझ्याच हाताने गेले. ते कसे गेले हे समजून घेण्यासाठी पुढचे काही महिने मी सामू मोजण्याच्या घरगुती पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्यातून जे हाती लागले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण लातूर, बीड, परभणी, नांदेड या भागात मासे पाळणाऱ्यांच्या वाट्याला जे पाणी येते त्याच्यासाठी चाचणी किटच्या खोक्यावर छापलेल्या सूचना पुरेशा पडत नाहीत.

शेतीशी संबंध असलेल्या वाचकाला सामू हा शब्द नवा नाही. जमिनीचा सामू मृदा आरोग्य पत्रिकेवर छापून येतो, फवारणीच्या पाण्याचा सामू किती असावा यावर कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर चर्चा होते, आणि औसा तालुक्यातले माझे मामा ठिबकच्या नळ्यांत क्षार साठू लागले की आधी सामूचीच चौकशी करतात. ही मोजपट्टी सोरेन सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करताना मांडली. ती फुटपट्टीसारखी सारख्या अंतराने चालत नाही, हे मात्र सतत ध्यानात ठेवावे लागते. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. ८ सामूच्या पाण्यापेक्षा ७ सामूच्या पाण्यात हायड्रोजन आयन दहापट असतात आणि ६ सामूच्या पाण्यात शंभरपट. त्यामुळे एखादे साधन अंकभराने चुकते याला किरकोळ चूक म्हणता येत नाही.

माझ्या टाकीत घडले ते असे. त्याच आठवड्यात मी फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली खळखळून धुतला होता. स्पंजमध्ये वाढलेले जिवाणू माशांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ते जिवाणू बहुधा त्या धुण्यात गेले आणि पाण्यात अमोनिया साठू लागला. आता हा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम आयन हे रूप त्या मानाने निरुपद्रवी असते आणि मुक्त अमोनिया हे रूप कल्ल्यांना जाळते. कोणते रूप किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सामू ७.६ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ३ टक्के भाग विषारी रूपात असतो, आणि सामू ८.३ झाला की तोच भाग १४ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे पाण्यातला अमोनिया रतीभरही न वाढता त्याचे विष चौपटीहून अधिक झाले, आणि ते करण्याचे काम माझ्या सोड्याने केले. पेन खरे बोलले असते तर मी सोड्याच्या डब्याला हातही लावला नसता. निम्मे पाणी बदलले असते आणि मासे बहुधा वाचले असते.

चार दिवसांनी मी टाकीचे पाणी काठोकाठ भरलेल्या बाटलीत घेऊन, सोबत ते पेनही घेऊन, ओळखीच्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात गेलो. तेथील प्रयोगशाळा सहायकांनी टेबलावरच्या मीटरचा इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात बुडवायची मोजणारी कांडी, वॉश बॉटलच्या बारीक धारेने धुतला, टोकाला लटकलेला थेंब गाळणकागदाच्या कडेला नुसता टेकवून टिपून घेतला आणि इलेक्ट्रोड आधी ६.८६ च्या, मग ९.१८ च्या बफर द्रावणात (म्हणजे ज्याचा सामू आधीच ठरलेला असतो अशा द्रावणात) बुडवून मीटर जुळवून घेतला. नंतर माझ्या पाण्यात बुडवला. आकडा थोडा घुटमळला आणि ८.३ वर थांबला. त्याच पेल्यात माझे पेन ६.६ दाखवीत होते. दोन्हींमध्ये १.७ चा फरक, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या हिशेबात पन्नासपट. सहायकांनी पेनचे टोपण काढून टोकाकडे पाहिले. आतल्या काचेच्या फुगीर बोंडाभोवती पांढरट क्षाराची कड धरली होती आणि टोपणातला स्पंजचा तुकडा वाळून खडखडीत झाला होता. "सर, हे वाळलंय की. ह्याला ओलं ठेवावं लागतं. आन् बफरमध्ये कधी लावलं होतं?" असे त्यांनी विचारले. मी ते कधीच लावले नव्हते. खोक्यावर पेन कारखान्यातूनच जुळवून आल्याचे लिहिले होते आणि मी त्यावर विसंबलो होतो.

त्या एका प्रश्नाने माझ्या विचाराची दिशा बदलली. तोवर मी कोणते साधन अधिक अचूक, एवढेच पाहत होतो. आता मला असे वाटते की घरच्या टाकीसाठी साधन निवडताना पहिला प्रश्न असा असावा की हे साधन खोटे बोलू लागले तर ते मला घरच्या घरी ओळखता येईल का? ज्याची उलटतपासणी घेता येते ते साधन विश्वासाचे, मग त्याला दशांशानंतरचा एकच आकडा दाखवता येत असला तरी चालेल.

पेनचा विचार आधी करू, कारण नव्याने मासे पाळणाऱ्याचा हात त्याच्याकडेच जातो. आकडा आयता दिसतो, रंग जुळवण्याची कटकट नसते. या साधनाचा वंश मोठा आहे. अमेरिकेतील अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फळउत्पादकांसाठी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याचे विद्युत यंत्र बनवले आणि त्यातून आजचा पीएच मीटर घडला. जालन्याच्या मोसंबीच्या प्रदेशात राहणाऱ्याला ही हकिगत आपलीशी वाटावी अशी आहे. या यंत्राचा जीव त्या काचेच्या बोंडात असतो. काचेच्या पृष्ठभागावर ओलाव्याने फुगलेला एक अतिशय पातळ थर असतो, तेथे हायड्रोजन आयनांची देवाणघेवाण होते आणि त्यातून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. २५ अंशांवर सामूच्या एका अंकामागे हा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. थर वाळला की देवाणघेवाण मंदावते आणि आकडा मनास येईल तसा भरकटतो. आपल्याकडे मार्च ते मे या महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की टोपणातला ओला स्पंज आठवडाभरही ओला राहत नाही. म्हणून टोपणात पोटॅशियम क्लोराइडचे साठवण द्रावण घालून ठेवावे लागते आणि दर काही दिवसांनी ते पाहावे लागते. साध्या डिस्टिल्ड पाण्यात बोंड बुडवून ठेवणे चुकीचे आहे, कारण त्याने इलेक्ट्रोडमधले क्षार बाहेर झिरपून जातात.

बफरच्या पुड्यांबाबतही आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अनेक स्वस्त पेनांसोबत ६.८६ आणि ४.०० अशा दोन पुड्या येतात. आपले पाणी बहुतेक वेळा ७ ते ८.५ यांच्या दरम्यान असते, म्हणजे ४.०० ही खूण आपल्या वाटेवर येतच नाही. आपल्याला ६.८६ आणि ९.१८ ही जोडी हवी, म्हणजे आपले पाणी दोन खुणांच्या मध्ये पडते. पुडी साधारणपणे २५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची असते. हे पाणी गाडीच्या बॅटरीत घालण्यासाठी विकतात ते चालते, नळाचे किंवा जारचे चालत नाही. वापरलेले द्रावण पुन्हा बाटलीत ओतू नये. ९.१८ चे द्रावण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खाली उतरते आणि ६.८६ च्या द्रावणात बुरशी धरते, त्यामुळे महिना-दीड महिन्यात दोन्ही ताजी करून घेणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात आणखी एक बारकावा असतो. ९.१८ हा आकडा २५ अंशांचा आहे, ४० अंशांवर तेच द्रावण ९.०७ च्या आसपास असते. पेनमधील स्वयंचलित तापमान दुरुस्ती इलेक्ट्रोडच्या दाबाचा हिशेब सांभाळते, बफरचा स्वतःचा बदललेला सामू साधे पेन सांभाळत नाही, म्हणून तो पुडीवरच्या तक्त्यातून पाहून घ्यावा लागतो. एवढे सगळे नेमाने करण्याची तयारी असेल तर पेन उत्तम काम देते. ती नसेल तर मात्र त्याचा चमकदार आकडा कोणत्याही रंगीत कागदापेक्षा जास्त घातक ठरतो, कारण त्यावर आपला सहज विश्वास बसतो.

कागदी पट्ट्यांवर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणारा १ ते १४ चा पीएच पेपर एकेक अंकाच्या उडीने रंग दाखवतो, आणि एक अंक म्हणजे दहापट हे वर आलेच आहे. अ‍ॅक्वेरियमसाठीच्या पट्ट्या त्याहून बऱ्या असतात, पण शेजारच्या चौकोनातला रंग ओघळून मिसळतो आणि पावसाळ्यात डबीचे झाकण एकदा नीट लागले नाही की सगळ्या पट्ट्या वाया जातात. दुकानातून मासे आणताना तेथील पाण्यावर झटकन नजर टाकायची असेल तर पट्टी ठीक आहे. घरातील हळदीनेही सामू ओळखता येतो, असे काही जण सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. हळद अल्कधर्मी पदार्थात लाल होते, वरणाचा डाग साबण लागताच लालसर का होतो आणि हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग का येतो, त्याचे कारण हेच. परंतु हा बदल साधारण ८ च्या पुढे उमटू लागतो आणि त्यात पायऱ्या नसतात. ७.२ आणि ७.८ यांतला फरक वसमतच्या उत्तमातल्या उत्तम हळदीलाही सांगता येणार नाही.

राहिले थेंबांचे किट, ज्याला दुकानदार लिक्विड टेस्ट किट म्हणतात. माझी निवड शेवटी याच्यावर स्थिरावली. काचेच्या नळीत खुणेपर्यंत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचे, द्रव रंगसूचकाचे ठरलेले थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. वाचताना हे सोपे वाटते, तरी मी पहिले दोन महिने रोज काही ना काही चुकत होतो. नळी आधी तपासायच्या पाण्यानेच दोनदा विसळावी. पाण्याची पातळी मधोमध खोलगट दिसते, त्या खोलगट भागाचा तळ खुणेवर टेकला पाहिजे. बाटली तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात, म्हणून ती अगदी उभी धरावी. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून हलवण्याची सवय वाईट, कारण बोटाचा घाम आणि साबणाचा अंश रंगात उतरतो. त्यासाठी दिलेले टोपणच लावावे. रंग पाहताना ट्यूबलाइटच्या किंवा पिवळ्या दिव्याच्या उजेडावर विसंबू नये. मी खिडकीशी, उन्हाच्या थेट झोतात न जाता, पांढऱ्या कार्डाला नळी टेकवून पाहतो. हिरव्या आणि निळसर हिरव्या छटांत माझी नजर कमी पडते, हे मला मुलीमुळे कळले. मी ७.२ म्हणत असताना ती ठामपणे म्हणाली, "बाबा, हा त्याच्या पुढचा रंग आहे." तेव्हापासून दोघांनी एकमेकांना न सांगता कागदावर आकडा लिहायचा आणि मग ताडून पाहायचे, असा नियम आम्ही केला आहे. छटा ओळखण्यातला दोष पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बराच जास्त आढळतो, म्हणून घरातील दुसरे डोळे वापरण्यात कमीपणा मानू नये.

या किटमधला सर्वांत मोठा खड्डा मात्र वेगळाच आहे, आणि आपल्या भागातले लोक त्यात हमखास पडतात. दुकानात सहज मिळणारे गोड्या पाण्याचे किट बहुधा ६.० ते ७.६ एवढीच पट्टी दाखवते. त्यातील ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगसूचक आम्लधर्मी पाण्यात पिवळा, मध्यावर हिरवा आणि अल्कधर्मी पाण्यात निळा होतो. एकदा पूर्ण निळा झाला की त्यापुढे त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. पाणी ७.६ असो, ८.० असो वा ८.६ असो, नळी तेवढीच निळी दिसते आणि आपण वहीत ७.६ लिहितो. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने दोन वर्षे अशीच ७.६ ची नोंद ठेवली होती. मी त्याला ७.४ ते ८.८ पर्यंत मोजणारे उच्च पल्ल्याचे किट वापरायला दिले, तेव्हा त्याच्या टाकीचे पाणी ८.४ निघाले. "म्हणजे काका, दोन वर्षं मी फक्त तक्त्याचा शेवट लिहीत होतो," असे तो म्हणाला, आणि ते शब्दशः खरे होते. म्हणून मराठवाड्यात एकच किट घ्यायचे झाल्यास उच्च पल्ल्याचे घ्यावे. दोन्ही घेता आली तर अधिक चांगले, कारण ७.४ ते ७.६ या दोघांच्या सामाईक टप्प्यात ती एकमेकांची साक्ष देतात.

उलटतपासणीची सोय थेंबांच्या किटमध्येही आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पेनसाठी विरघळवलेले ६.८६ चे बफर नळीत घालून त्यात थेंब टाकले तर रंग ६.८ च्या चौकोनाशी जुळला पाहिजे. उच्च पल्ल्यासाठी खाण्याच्या सोड्याचा उपयोग होतो. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात साडेआठ ग्रॅमच्या आसपास शुद्ध सोडा घालून ताजे द्रावण केले तर त्याचा सामू ८.३ च्या जवळपास येतो. किटने ८.२ ते ८.४ यांच्या दरम्यान रंग दाखवला तर बाटली अजून कामाची आहे असे समजावे. ज्या सोड्याने माझे मासे घेतले त्याच सोड्याने मी आता किट तपासतो.

येथपर्यंत साधनांचे झाले. परंतु साधन बरोबर असूनही आकडा फसवा निघू शकतो, कारण पाणी स्वतःच बदलत असते. हे मला मामांच्या बोअरवर उमगले. आपल्याकडची भूमी काळ्या पाषाणाची, वर काळी माती आणि तिच्यात जागोजाग चुनखडी. या थरांतून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेटचे प्रमाण भरपूर असते, म्हणून ते अल्कधर्मी असणार अशी माझी अपेक्षा होती. मोटार सुरू करून धारेखालचे पाणी तपासले तर ७.२. मामा म्हणाले, "अरे, आमच्या माती-पाण्याचा सामू आठाच्या वर हाय, कागदावर लिहून आलंय. तुझं यंत्र तपास." यंत्र मी तपासले, ते बरोबर होते. मग एक बादली भरून घरी आणली, तिच्यात रात्रभर एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड, चालू ठेवला आणि सकाळी पुन्हा मोजले तेव्हा सामू ८.१ आला. दोन्ही आकडे खरे होते. खोल जमिनीत पाण्यामध्ये कार्बन डायऑक्साइड दाबून विरघळलेला असतो, त्याचे कार्बोनिक आम्ल बनते आणि सामू खाली राहतो. पाणी उघड्यावर आले, हलले, हवेशी मिसळले की तो वायू उडून जातो आणि सामू आपल्या खऱ्या पातळीवर चढतो. त्यामुळे बोअरचे किंवा टँकरचे पाणी उतरवल्याबरोबर मोजण्यात अर्थ नाही. बादलीत घेऊन चोवीस तास हवा द्यावी आणि मग मोजावे. मासे त्या दुसऱ्या पाण्यात राहणार असतात. प्रयोगशाळेत नमुना न्यायचा असेल तर याच कारणाने बाटलीत हवेला जागा न ठेवता ती काठोकाठ भरावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी. एसटीच्या खिडकीत उन्हात तापलेल्या अर्ध्या बाटलीचा अहवाल कितीही चांगल्या मीटरवर काढला तरी तो आपल्या टाकीचा अहवाल नसतो.

साठवणुकीचाही परिणाम होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यातून गेलेल्या शहरात घरोघरी पाणी साठवण्याची सवय आहे, आणि नळाला रोज पाणी येत नसल्याने ती सवय गरजेचीही आहे. हौदाला नवा गिलावा झाला असेल तर सिमेंटमधील चुना पाण्यात उतरतो आणि सामू ९ च्याही वर जाऊ शकतो. नव्या हौदाचे पाणी काही वेळा भरून, उपसून टाकल्याशिवाय टाकीत घेऊ नये. हौदात हाताने टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची पावडर) टाकली असेल तर जास्त क्लोरीनमुळे रंगसूचकाचाच रंग बिघडतो, तेव्हा क्लोरीन उडून जाईपर्यंत चाचणी थांबवावी. शिवाय टाकीत वनस्पती असतील तर त्या दिवसभर कार्बन डायऑक्साइड खातात आणि रात्री सोडतात. त्यामुळे एकाच टाकीचा सामू पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो. माझ्या टाकीत हा फरक ०.३ ते ०.४ भरतो. काल संध्याकाळचा आणि आज सकाळचा आकडा शेजारी ठेवून पाणी बिघडले असे म्हणणे चूक आहे. वेळ एकच ठेवावी. मी सकाळी सातला, दिवे लावण्याआधी मोजतो.

जारच्या पाण्याची तऱ्हा याच्या उलट. आरओच्या पडद्यातून आलेल्या पाण्यात क्षार फारच थोडे उरतात, त्यामुळे सामू टिकवून धरणारे त्यात काही नसते. अशा पाण्यात चांगले पेनसुद्धा लवकर स्थिर होत नाही आणि रंगसूचकाच्या थेंबाची स्वतःची आम्लताही निकालावर परिणाम करते. नुसत्या जारच्या पाण्याचा सामू मोजून त्यावर काही निर्णय घेऊ नये. नळाच्या पाण्यात मिसळल्यानंतर, हवा दिल्यानंतर मोजावा.

यावरून मी ज्या चाचणीला आज सामूइतकेच महत्त्व देतो ती म्हणजे केएच, अर्थात कार्बोनेट कठीणपणा, सामू टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता. केएचचे थेंबांचे किट वापरायला अगदी सोपे असते. पाण्यात एकेक थेंब टाकून हलवायचे आणि निळ्याचा पिवळा रंग कितव्या थेंबाला होतो ते मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षमता. येथे छटा जुळवायची नसते, नुसते थेंब मोजायचे असतात, म्हणून चुकीला जागा फार कमी. केएच, सामू आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ही तिन्ही एकमेकांना बांधलेली असतात, दोन कळली की तिसरे काढता येते. त्या दुर्दैवी संध्याकाळी माझ्या टाकीत निम्मे नळाचे आणि निम्मे जारचे पाणी होते. तसेच मिश्रण पुढे करून पाहिले तेव्हा त्याचा केएच ४ आला. केएच ४ असताना सामू ६.३ यायचा तर लिटरमागे सुमारे ६० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड पाण्यात असावा लागतो. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतो, माशांच्या टाकीत थोडा अधिक. माझ्याकडे वायूचा सिलिंडर नव्हता आणि एअर पंप दिवसरात्र चालू होता, म्हणजे ६.३ हा आकडा संभवतच नव्हता. केएचचे किट घरात असते तर पेनचे खोटे मला त्याच मिनिटाला कळले असते. म्हणून ज्यांचे खर्चाचे मान बेताचे आहे त्यांना मी पेन बाजूला ठेवून उच्च पल्ल्याचे पीएच किट आणि केएच किट ही जोडी घ्यायला सांगतो. केएच हळूहळू उतरताना दिसला तर सामू पुढे कोसळणार याची सूचनाही आधीच मिळते, कारण अमोनियाचे नायट्रेट होताना हीच क्षमता खर्च होत असते.

कोणत्या माशाला किती सामू लागतो, याची कोष्टके सर्वत्र मिळतात, आणि मला त्यांचे फारसे महत्त्व वाटत नाही. गप्पी, मॉली आणि गोल्डफिश आपल्या कठीण, अल्कधर्मी पाण्यात आनंदाने राहतात. मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना तर असेच पाणी मानवते. डिस्कससारख्या मृदू पाण्यातल्या माशासाठी आपले पाणी ओढूनताणून खाली आणण्यापेक्षा तो मासा न पाळणे मी पसंत करीन. बाटलीतले आम्ल टाकून सामू उतरवला तर केएच जास्त असल्यामुळे दोन दिवसांत तो पुन्हा वर येतो, आणि हे खाली-वर होणे ८.० च्या स्थिर आकड्यापेक्षा माशांना अधिक त्रासाचे असते.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे आता किटच्या प्रत्येक बाटलीवर मी विकत घेतल्याचा महिना लिहून ठेवतो आणि बाटल्या पत्र्याच्या शेडमधून काढून घरातल्या थंड कपाटात नेल्या आहेत. गेल्या आठवड्यात कमी पल्ल्याची नवी बाटली आणली तेव्हा जुनी टाकून देण्याआधी दोन्हींची गाठ घालून दिली. दोन नळ्यांत एकाच बाटलीतले ताजे ६.८६ चे बफर घेतले, एकीत जुने थेंब टाकले, दुसरीत नवे. नवी नळी तक्त्यातल्या ६.८ वर बरोबर बसली. जुनी फिकट आणि मळकट हिरवी झाली, तिला मी ६.६ म्हटले आणि मुलीने ६.४ लिहिले. त्या बाटलीने तिचा दुसरा उन्हाळा शेडमध्ये काढला होता. ती बाटली टाकून दिली, नव्या बाटलीवर महिना लिहिला, आणि उच्च पल्ल्याच्या किटने टाकीचे पाणी तपासून वहीत नोंद केली: सकाळी ७ वाजता सामू ७.८, केएच ७, तापमान २८ अंश.